कारणांसहित माफी

२६ जून १८९३ रोजी इलिनॉय राज्याचा गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड याने सॅम्युअल फील्डन, मायकेल श्वाब आणि ऑस्कर नीबे या तीन कैद्यांना बिनशर्त माफी दिली. शिकागोच्या हेमार्केट बाजाराजवळ १८८६ मध्ये बॉम्ब फुटला, त्या खटल्यात दोषी ठरलेल्या आठांपैकी हे तिघेच जिवंत होते. चौघे फासावर गेले होते आणि पाचव्याने फाशीच्या आदल्या दिवशी कोठडीतच जीव दिला होता. उरलेल्या तिघांना सोडावे असे तोवर शिकागोतल्या पुष्कळ प्रतिष्ठितांनाही वाटू लागले होते. बँकवाले, वकील, व्यापारी यांच्या सह्यांचे अर्ज गव्हर्नरकडे येऊन पडले होते. सात वर्षे भोगली, कुटुंबांचे हाल झाले, आता राज्याने मोठ्या मनाने सोडून द्यावे, असा त्या अर्जांचा सूर होता. त्याच सुरात चार ओळींचा हुकूम निघाला असता, तर थोडी कुरबूर होऊन प्रकरण मिटले असते.

आल्टगेल्डने तो सूर नाकारला. हुकुमाबरोबर त्याने सुमारे अठरा हजार शब्दांचे निवेदन छापून प्रसिद्ध केले. ज्युरी ठरवून निवडलेली होती, निवडलेले लोक कायद्याने ज्युरीत बसण्यास अपात्र होते, पुराव्याने गुन्हा शाबीत होत नव्हता, नीबेविरुद्ध तर खटलाच उभा राहत नव्हता आणि न्यायाधीश जोसेफ गॅरी याने निःपक्षपातीपणे काम चालवले नाही, असे त्याने त्यात एकेक मुद्दा घेऊन मांडले. निवेदनाच्या सुरुवातीची त्याची भूमिका फार लोक लक्षात घेत नाहीत. खटला योग्य रीतीने चालला असेल, तर या माणसांना झालेली कोणतीही शिक्षा जास्त म्हणता येणार नाही आणि गव्हर्नरने मध्ये पडण्याचे काही कारण नाही, असे तो आधीच लिहून टाकतो. दयेचा मार्ग त्याने स्वतःसाठी बंद करून घेतला. आता एकतर खटला सदोष होता हे दाखवून द्यायचे, नाहीतर कैद्यांना तुरुंगातच राहू द्यायचे.

आल्टगेल्डच्या आयुष्यातला हा निर्णय मला त्याच्या इतर सगळ्या कामांपेक्षा मोठा वाटतो. माफी दिली म्हणून तेवढा वाटत नाही, माफीची कारणे लिहिली म्हणून वाटतो. योग्य गोष्ट खोट्या कारणाखाली उरकून घेण्याची सोय सत्तेवरच्या माणसाला नेहमीच असते. त्यात सगळ्यांचेच भागते. कैदी सुटतो, न्यायालयाची अब्रू राहते, सोडणाऱ्याला उदारपणाचे श्रेय मिळते. मात्र ज्याच्यावर अन्याय झाला, तो उपकृत गुन्हेगार म्हणून घरी जातो आणि ज्या रीतीने अन्याय झाला ती रीत पुढच्या माणसासाठी जशीच्या तशी शिल्लक राहते.

हा माणूस अशा जागी पोचला कसा, हे थोडे पाहायला हवे. आल्टगेल्डचा जन्म १८४७ च्या डिसेंबरात जर्मनीतल्या नासाऊ संस्थानातल्या निडरसेल्टर्स गावी झाला. काही महिन्यांचा असताना आईबापांबरोबर तो अमेरिकेत आला आणि ओहायोतल्या शेतावर राबत वाढला. शाळा थोडी, काम फार. सोळाव्या वर्षी यादवी युद्धात शिपाई म्हणून भरती झाला, तिथे तापाने आजारी पडला. पुढे मिझुरीत मास्तरकी केली, खासगीत कायदा शिकला आणि शेतकऱ्यांच्या ग्रेंज चळवळीच्या पाठिंब्यावर १८७४ मध्ये सरकारी वकील म्हणून निवडून आला. दुसऱ्याच वर्षी ते पद सोडून ओळखपाळख नसलेल्या शिकागोत गेला. आगीत जळून पुन्हा झपाट्याने उभ्या राहणाऱ्या त्या शहरात जमिनी आणि इमारतींच्या व्यवहारात त्याने भरपूर पैसा मिळवला. त्याने बांधलेली सोळा मजली युनिटी बिल्डिंग शिकागोच्या पहिल्या उंच इमारतींपैकी एक. गरिबांचा कैवारी म्हणून ओळखला जाणारा हा माणूस स्वकमाईचा श्रीमंत होता, मालमत्तेविरुद्ध त्याचे काही म्हणणे नव्हते.

श्रीमंत होत असतानाच १८८४ मध्ये त्याने तुरुंगव्यवस्थेवर एक लहानसे पुस्तक लिहिले. पोलीस, कोठडी आणि दंडाची सगळी यंत्रणा गरिबांनाच पकडते आणि त्यातून गुन्हेगार घडवते, असे त्याचे म्हणणे होते. ओहायोतल्या एका तरुण वकिलाने ते वाचले आणि त्याचा प्रभाव घेऊन तो शिकागोला आला. तो क्लॅरेन्स डॅरो. अमेरिकेतला सर्वात नामवंत बचाव-वकील म्हणून पुढे तो गाजला. म्हणजे १८९३ चे निवेदन आकाशातून पडलेले नव्हते. आरोपी कोण आहे यावर खटल्याची रीत बदलते, हा विचार त्याच्या डोक्यात हेमार्केटच्या आधीपासून होता. तरीही १८८७ मध्ये, चौघांच्या फाशीच्या वेळी, कुक काउंटीचा न्यायाधीश असलेला आल्टगेल्ड गप्पच राहिला. त्याच्या चाहत्यांना हे अवघड वाटते. मला वाटते, ते लपवू नये. न्यायाधीशाने दुसऱ्या न्यायाधीशाच्या खटल्यावर जाहीर बोलू नये हे कारण असेल, पुढच्या राजकारणाचा हिशेब असेल, दोन्हीही असतील. १८९३ मध्ये तो बोलला, तेव्हा त्या चौघांना त्याचा काही उपयोग नव्हता.

हेमार्केटची घटना आपल्याकडे मे दिनाच्या निमित्ताने थोडीफार ठाऊक असते. महाराष्ट्रात तर १ मे हा राज्याचाही दिवस. आठ तासांच्या कामाच्या मागणीसाठी १ मे १८८६ पासून अमेरिकेत लाखो कामगारांनी संप केला. ३ मेला शिकागोच्या मॅकॉर्मिक कारखान्यासमोर पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. त्याच्या निषेधाची सभा ४ मेच्या रात्री भरली. शहराचा महापौर कार्टर हॅरिसन स्वतः सभेत येऊन उभा होता. सभा शांत आहे असे पोलीस अधिकारी जॉन बॉनफील्डला सांगून तो घरी गेला. पाऊस येईलसे दिसताच निम्म्याहून जास्त लोक पांगले होते आणि फील्डनचे भाषण संपत आले होते, तेव्हा पावणेदोनशेच्या आसपास पोलिसांची तुकडी चालून आली. पांगण्याचा हुकूम सुटला आणि कोणीतरी बॉम्ब टाकला. त्यानंतर पोलिसांनी अंधारात गोळीबार केला. सात पोलीस मेले, नागरिकही मेले. बॉम्ब टाकणारा कोण, हे आजवर निश्चित झालेले नाही. आपल्या पंडिता रमाबाई त्या वर्षी अमेरिकेतच होत्या. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आल्या होत्या. अमेरिकेच्या लोकस्थितीवर १८८९ मध्ये त्यांनी मराठीत जे लिहिले, ते याच काळातले.

खटल्यातली कायद्याची गाठ अशी होती. आठ आरोपींपैकी एकानेही बॉम्ब टाकला, असे सरकारचे म्हणणे नव्हते. बॉम्ब फुटताना बहुतेक जण तिथे हजरही नव्हते. अॅल्बर्ट पार्सन्स तर फरार होऊन सुरक्षित असताना खटल्यासाठी आपणहून हजर झाला. या लोकांनी वर्तमानपत्रांतून आणि भाषणांतून हिंसेची चिथावणी दिली आणि तिच्यामुळे कोणा अज्ञात माणसाने बॉम्ब टाकला, म्हणून हे खुनी, असा युक्तिवाद होता आणि गॅरीने तो ज्युरीपुढे कायदा म्हणून ठेवला. आल्टगेल्डने नेमके इथे बोट ठेवले. बॉम्ब टाकणारा कोण हेच माहीत नसेल, तर त्याने या लोकांचे एक अक्षर तरी वाचले किंवा ऐकले होते हे कशावरून? आरोपींचे लिखाण भडक होते हे त्याने नाकारले नाही. त्यांची मतेही त्याला मान्य नव्हती. चिथावणी आणि खून यांच्यामधला दुवा सिद्ध करावा लागतो आणि तो इथे सिद्ध झाला नाही, एवढेच तो म्हणत होता. बोलण्याबद्दल आणि लिहिण्याबद्दल माणसे फासावर चढवायची असतील, तर निदान एवढा तरी दुवा हवा. हा मुद्दा आज दीडशे वर्षे होत आली तरी मला जुना वाटत नाही.

ज्युरीबद्दल त्याने जे मांडले ते आणखी बोचणारे होते. सर्वसाधारण चिठ्ठी-पद्धतीने नावे न काढता रायस नावाच्या खास बेलिफाला माणसे बोलावून आणायला लावले होते. या लोकांना फाशी व्हायचीच आहे आणि मी त्याच हिशेबाने माणसे बोलावतो आहे, असे या बेलिफाने बोलून दाखवल्याचे एका व्यापाऱ्याचे प्रतिज्ञापत्र होते. आरोपींविषयी आपले मत आधीच बनले आहे असे उघड सांगणाऱ्यांना, एवढेच काय मृत पोलिसाच्या नातेवाइकालाही गॅरीने अपात्र ठरवले नाही. पुरावा ऐकून न्याय देऊ शकाल ना, असे पुन्हा पुन्हा विचारून तो त्यांच्याकडून होकार काढून घेई.

माफीचे हुकूम जोलिएटच्या तुरुंगात घेऊन जाण्यासाठी ड्रायर नावाचा शिकागोचा बँकवाला आला होता. १८८६ मध्ये या आठांवर आरोप ठेवणाऱ्या ग्रँड ज्युरीत तोही होता. पुढे त्याचे मन त्याला खाऊ लागले आणि सुटकेच्या खटपटीत तोच पुढे राहिला. कागद हातात पडताच त्याला रडू कोसळले. ते हुकूम तयार करणारा ब्रँड व्हिटलॉक नावाचा तरुण कारकून तिथे होता, त्यानेच पुढे हे लिहून ठेवले आहे.

त्यानंतर जे झाले ते आल्टगेल्डला अपेक्षित असावे, पण त्याचे प्रमाण अपेक्षित नसावे. वर्तमानपत्रांनी त्याला अराजकवाद्यांचा साथीदार ठरवले. जर्मनीत जन्मलेल्याला अमेरिकन संस्थांची काय चाड, असे लिहून आले. व्यंगचित्रांत त्याच्या हातात मशाल आणि सुरा आला. त्याच शरद ऋतूतल्या निवडणुकीत न्यायाधीश गॅरी मोठ्या कौतुकात पुन्हा निवडून आला. ते साल जागतिक प्रदर्शनाचे. सगळे जग शिकागोत लोटले होते आणि सप्टेंबरात विवेकानंदांचे गाजलेले भाषण तिथेच झाले. शहराला आपला झगमगाट दाखवायचा होता. अशा वेळी आपल्याच गव्हर्नरने या शहराच्या न्यायालयाने अन्याय केला असे लिहावे, हे शहरातल्या मोठ्या लोकांना सहन होण्यासारखे नव्हते.

निवेदनात काही कच्चेही होते. बॉम्ब बहुधा बॉनफील्डने पूर्वी केलेल्या लाठीमाराचा सूड म्हणून कोणी एकट्याने टाकला असावा, असा तर्क आल्टगेल्डने केला. त्याला पुरावा नव्हता. पुराव्याविना निष्कर्ष काढला म्हणून जो दुसऱ्याला दोष देतो, त्याने स्वतः असा तर्क लिहायला नको होता. गॅरीविषयीची भाषाही जिथे दाखले पुरेसे होते तिथे तिखट झाली आहे. विरोधकांना तेच हवे होते. लोक अठरा हजार शब्दांमधले तेवढेच शब्द घेऊन बसले.

पण खरा, जड आक्षेप वेगळा आहे आणि तो शत्रूंचा नसून आल्टगेल्डच्या बाजूच्या माणसांचा आहे. तिघे कैदी चार ओळींनीही सुटले असते. मग बाकीच्या शब्दांची किंमत कोणी भरली? १८९३ च्या उन्हाळ्यातच इलिनॉयने कारखान्यांच्या तपासणीचा कायदा केला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, स्त्रियांना आठ तासांची मर्यादा, घराघरांत चालणाऱ्या शिवणकामाच्या कोंदट कारखान्यांवर देखरेख. या कामाची प्रमुख म्हणून आल्टगेल्डने फ्लॉरेन्स केली हिला नेमले. जेन अॅडम्सच्या हल हाउस या समाजसेवा केंद्रात राहणारी, समाजवादी विचारांची ही बाई मतदानाचा हक्क नसलेल्या काळात बारा जणांचे तपासणी खाते चालवत होती. देवीची साथ आलेली असताना रोग्यांच्या घरांतून शिवून बाहेर पडणारे कपडे तिने शोधून काढले. काचकारखान्यांच्या भट्ट्यांसमोर रात्रपाळीत राबणाऱ्या पोरांसाठी ती मालकांना न्यायालयात खेचत होती. आठ तासांचे कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये रद्द केले, पण बाकीचे काम चालू होते. १८९६ मध्ये आल्टगेल्ड हरला. नव्या गव्हर्नरने केलीला काढले आणि तिच्या जागी काचकारखान्याच्या कंपनीत नोकरी केलेला माणूस बसवला.

हे वाचताना मन डगमगते. काचकारखान्यातल्या पोराला न्यायाधीश गॅरीच्या पक्षपाताशी काय देणेघेणे? गव्हर्नरने तोंड आवरले असते, तर कदाचित आणखी चार वर्षे त्या पोराच्या बाजूने सरकार उभे राहिले असते. राजकारणात काम करून दाखवणारी माणसे असाच हिशेब करतात आणि त्या हिशेबाला मी हलका मानत नाही.

तरी तो मला पटत नाही, याची दोन कारणे आहेत. एक साधे. १८९६ चा पराभव एकट्या माफीचा नव्हता. त्या वर्षी चांदीच्या नाण्यांचा प्रश्न, मंदी आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी ब्रायनची उमेदवारी यांच्या लाटेत सगळ्या उत्तरेत डेमोक्रॅट पक्ष वाहून गेला. दुसरे कारण महत्त्वाचे. फ्लॉरेन्स केलीला नेमणारा गव्हर्नर आणि ते निवेदन लिहिणारा गव्हर्नर वेगळे काढता येतात, असे हा हिशेब धरून चालतो. तसे ते निघत नाहीत. जो माणूस खटल्याचे जुने कागद महिनोन्‌महिने वाचून त्यातले खोटे सोडायला तयार नसतो, तोच कारखानदारांना खपणार नाही अशी तपासनीस नेमतो आणि वर्षानुवर्षे तिच्या पाठीशी राहतो. शिकागोच्या ट्रामगाड्यांचा सम्राट चार्ल्स यर्कीस याची मक्तेदारी दीर्घकाळ पक्की करणारी विधेयके १८९५ मध्ये त्याच्यासमोर आली, तेव्हा तो स्वतः पैशाच्या तंगीत होता. तरी त्याने ती परत पाठवली. सोयीपुरते गप्प बसायला एकदा शिकलेला गव्हर्नर त्या दिवशीही गप्प बसला असता.

१८९४ च्या पुलमन संपात त्याचा हा स्वभाव आणखी स्पष्ट दिसतो. रेल्वेचे शयनडबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमनने मंदीत मजुरी कापली, पण कंपनीच्या गावातल्या घरांची भाडी कमी केली नाहीत. कामगार संपावर गेले, युजीन डेब्जच्या रेल्वे युनियनने पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार टाकला आणि शिकागोतून जाणारी वाहतूक अडली. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंडने राज्याने न मागताच केंद्राची फौज शिकागोत उतरवली. क्लीव्हलंड आल्टगेल्डच्याच पक्षाचा. तरी ५ जुलैला आल्टगेल्डने त्याला लांबलचक तार केली. राज्याकडे पुरेसे बळ आहे, जिथे स्थानिक अधिकाऱ्यांनी मागितले तिथे मी स्वतः शिपाई पाठवलेले आहेत, मग कोणत्या अधिकाराने तुम्ही राज्याला डावलता? उत्तर आखूड आले. टपाल, आंतरराज्य व्यापार आणि केंद्रीय न्यायालयांचे हुकूम यांच्या रक्षणासाठी हे केले. आल्टगेल्डने दुसऱ्या दिवशी पुन्हा सविस्तर तार केली. या वेळचे उत्तर आणखी आखूड होते. धोक्याच्या घडीला चर्चा करण्यापेक्षा कृती हवी, असा त्याचा मथितार्थ.

तो पत्रव्यवहार क्लीव्हलंडने जिंकला, असे सगळ्या देशाने मानले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही डेब्जच्या प्रकरणात केंद्राच्या अधिकाराला मान्यता दिली. सरकारी बाजूने शिकागोत काम पाहायला नेमलेला खास वकील एका रेल्वे कंपनीचाच वकील होता आणि साडेतीन हजारांवर नेमलेले हंगामी मार्शल रेल्वे कंपन्यांनीच निवडले होते, हे चौकशी आयोगाच्या अहवालातून आणि पुढच्या अभ्यासांतून नीट बाहेर आले. पण तेव्हा संप मोडला होता आणि डेब्ज तुरुंगाच्या वाटेवर होता. ऑगस्टमध्ये आल्टगेल्ड पुलमन गावात घरोघर फिरला. उपाशी कुटुंबे पाहिली, मदतीसाठी पुलमनला पत्रे लिहिली आणि तिथून काही मिळत नाही असे दिसल्यावर जनतेला आवाहन करून धान्य उभे केले.

माफीच्या अधिकाराचा प्रश्न आपल्याही ओळखीचा आहे. राज्यघटनेच्या कलम ७२ आणि १६१ ने राष्ट्रपतींना आणि राज्यपालांना तो दिला आहे. पुरावा स्वतः तपासून न्यायालयापेक्षा वेगळे मत बनवण्याची मोकळीक या अधिकारात आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने केहर सिंग प्रकरणात मान्य केले आहे. आपण मात्र त्याला सर्रास दयेचा अर्ज म्हणतो आणि तशाच नजरेने त्याच्याकडे पाहतो. न्यायालयाकडून चूक होऊ शकते आणि ती दुरुस्त करायला एक शेवटचे दार असावे, हा त्यातला कणखर भाग दयेच्या मऊपणात हरवतो.

गव्हर्नरपद गेल्यावर आल्टगेल्डचे फार काही उरले नाही. युनिटी बिल्डिंग हातची गेली. १८९९ मध्ये शिकागोच्या महापौरपदासाठी स्वतंत्र उभा राहून तो हरला. शेवटी डॅरोच्या वकिली कचेरीत काम करू लागला. परदेशात जन्मलेला असल्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाचा रस्ता कायद्यानेच बंद होता, नाहीतर १८९६ च्या पक्षाधिवेशनात त्याच्याइतका वजनदार माणूस दुसरा नव्हता. ११ मार्च १९०२ रोजी जोलिएटमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांच्या बाजूने भाषण केल्यावर तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. वय चोपन्न.

त्याच्या निवेदनाला सर्वात कसून उत्तर मिळाले ते २०११ मध्ये. टिमथी मेसर-क्रूस या अमेरिकन इतिहासकाराने खटल्याची मूळ कागदपत्रे पुन्हा वाचून पुस्तक लिहिले. त्या काळच्या कायद्याने खटला बराचसा रीतसर होता, आरोपींपैकी काहींचा कट होता आणि बचावाच्या वकिलांनी चुका केल्या, असा त्याचा दावा. आल्टगेल्डच्या चाहत्यांना हे पुस्तक खुपते. मला ते आल्टगेल्डच्या पद्धतीचाच पुढचा टप्पा वाटते. कारणे लिहिली, म्हणून ती एकशेअठरा वर्षांनी कोणाला तपासता आली, खोडता आली. दयेच्या हुकुमात खोडण्यासारखे काहीच नसते. दोन्ही शेजारी ठेवली की काही ठिकाणी मेसर-क्रूसचे पारडे जड वाटते. सगळ्याच आरोपींना निष्पाप म्हणणे आज अवघड आहे. पण अज्ञात माणसाच्या कृत्यासाठी भाषणांना खून ठरवण्याचा गॅरीचा नियम मला त्याने अजून पटवून दिलेला नाही.

आणि नीबे उरतोच. त्याच्या घरात एक बंदूक आणि एक लाल झेंडा सापडला होता. जर्मन कामगारांच्या वर्तमानपत्रात त्याचा दोन डॉलरचा वाटा होता. याहून फारसे काही त्याच्याविरुद्ध आले नाही, तरी पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा ऐकल्यावर, मलाही या मित्रांबरोबर फाशी द्या, असे तो न्यायालयाला म्हणाला होता. तो कैदेत असतानाच त्याची बायको वारली. माफीचे अर्ज करणाऱ्या भल्या लोकांनी त्याच्यासाठी करुणा मागितली होती. आल्टगेल्डने त्याला दिले ते वेगळे होते. ज्या राज्याने त्याला कोंडले, त्याच राज्याच्या गव्हर्नरने सहीनिशी, छापील निवेदनात लिहिले की या माणसाविरुद्ध खटलाच नव्हता.